सज्जनगड ते मिरज : अम्मीची जवळची जियारत

मक्केला, उमऱ्याच्या यात्रेला जायचं ठरलं होतं. मग अम्मीचा उजवा गुडघा बदलायची वेळ आली आणि ते लांबलं. गुडघा बरा झाला तर पासपोर्टवरच्या आणि आधारवरच्या नावात एका अक्षराचा फरक निघाला. ज्या एजंटाकडे बयाणा दिला होता, तो फोन उचलायचा बंद झाला. आठवडाभर घरात तोच विषय. शेवटी अम्मीच म्हणाली, "लांबचं नशिबात असेल तेव्हा होईल. तोवर जवळचं तरी दाखव."

जवळचं म्हणजे काय? आम्ही साताऱ्याचे. पाहुणे आले की त्यांना अजमेर, हाजी अली, गुलबर्ग्याच्या गोष्टी सांगणार आणि आपल्या जिल्ह्यात काय आहे ते विचारलं की गप्प. धाकट्या भावाला हे सगळं मुळातच पसंत नाही. तो म्हणाला, "मजारीवर जाऊन काय मागणार? दुआ घरी बसून होत नाही का?" अम्मीनं त्याच्याकडे न बघता भाजी निवडत उत्तर दिलं, "मागायला कोण चाललंय? सलाम करून येते."

सोबतीला कोरेगावची खाला, म्हणजे मावशी, आली. तिची एकच अट होती, परतताना सांगलीचा भडंग घ्यायचा. जुनी गाडी, दोन उशा, गुडघ्याचा पट्टा, गोळ्यांची डबी आणि खालानं बांधून आणलेल्या शेंगदाण्याच्या पोळ्या, एवढं घेऊन गुरुवारी सकाळी निघालो. उसाचा हंगाम नुकताच सुरू झाला होता.

पहिला दिवस, गुरुवार : सातारा आणि सज्जनगड

पहिलाच मुक्काम सज्जनगड ऐकून खालानं भुवया वर केल्या. मुसलमानाच्या जियारतीत, म्हणजे पवित्र जागांच्या दर्शनात, समर्थांचा गड कुठून आला? तो आला एका दगडामुळे. गडाच्या दुसऱ्या दरवाजावर फारसी शिलालेख आहे, हे मी शाळेच्या सहलीत पोरांना दरवर्षी सांगतो. अम्मीला तो दाखवायचं कधी सुचलंच नव्हतं.

सुचायला हवं होतं. कारण अम्मीचं बालपणातलं दोन-अडीच वर्षांचं आयुष्य गडाखालच्या परळीत गेलंय. नाना, म्हणजे अम्मीचे अब्बा, तिथं टपालाच्या कामावर होते. त्या दोन वर्षांत ती एकदाही गडावर गेली नव्हती. "खालून दिसायचा की," एवढंच ती म्हणते.

गाडी वरच्या वाहनतळापर्यंत जाते, पुढं पायऱ्या. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, चढायला नाही. पण अम्मीनं त्यातलं पहिलं अर्धंच ऐकलेलं. दर पंधरा-वीस पायऱ्यांना थांबा. खाली उरमोडी धरणाचं पाणी दिसायला लागलं तसं ती कठड्याला टेकून म्हणाली, "हे पाणी तेव्हा नव्हतं. इथं सगळी शेतं होती."

गड आदिलशाहीकडून शिवाजी महाराजांकडे आला 1673 मध्ये. परळीचा किल्ला तेव्हापासून सज्जनगड झाला. 1700 च्या उन्हाळ्यात साताऱ्यानंतर औरंगजेबाच्या फौजेनं हाही घेतला आणि नाव ठेवलं नवरसतारा. ते नाव आज कोणाच्या तोंडी नाही. दरवाजावरचा दगड मात्र या सगळ्याच्या आधीचा, आदिलशाही वेळचा आहे, आणि समर्थांच्या दर्शनाला जाणारा प्रत्येक जण त्याच्या जवळून जातो.

अम्मी शिकली ती कुराणापुरती. तिला अरबी अक्षरं येतात, अर्थ येत नाही, आणि फारसी तर आमच्या सात पिढ्यांत कोणाला आली असेल ठाऊक नाही. तिनं पदर सावरला, मान मागे टाकली आणि दगडाकडे बघत एकेक अक्षर सुटं सुटं बोलायला लागली. अलिफ. लाम. दाल. वळण वेगळं, एकातून दुसरं निघालेलं, वर काळाची झीज. ती मदरशातल्या मुलीसारखी बोट हवेत फिरवत होती. मागून एक भजनी मंडळ चढत आलं. टाळ गळ्यात, टोप्या डोक्यावर. पुढचे आजोबा थांबले. त्यांच्यामागचे पंधरा-वीस जणही थांबले. वाट अडली म्हणून मी अम्मीचा हात धरला, तर आजोबाच म्हणाले, "वाचू द्या त्यांना. आम्ही पन्नास वर्षं येतोय, कुणी वाचताना बघितलं नाही."

मग अम्मीवर दडपण आलं. एका शब्दापाशी ती अडकली. "हे पहिलं अक्षर मला येत नाही. पुढं रे, लाम, ये. काहीतरी... रली." आजोबांनी मान डोलावली, जणू बरंच कळलं. मंडळ पुढं गेलं. मी मोबाइलवर दगडाचे चार फोटो काढले.

वर गेल्यावर समर्थांच्या समाधीकडे आम्ही लांबूनच नमस्कार केला आणि घोडाळे तळ्याकडे वळलो. तळ्याच्या मागे एक मशीदवजा वास्तू आहे. तिथं ना पाटी, ना गर्दी. खालानं चप्पल काढून बाहेरूनच दोन मिनिटं डोळे मिटले. नंतर तिथल्याच सावलीत पोळ्या सोडल्या.

दुपारी साताऱ्यात परत. अजिंक्यताऱ्यावर जायचं गुडघ्याच्या नावानं रद्द केलं, पण चार भिंतीच्या रस्त्यावर गाडी उभी करून खालाला गोष्ट सांगितली. 1699 च्या डिसेंबरात औरंगजेबाचा वेढा पडला. किल्लेदार प्रयागजी प्रभू. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. त्यातल्या एका स्फोटात तट कोसळला तो उलटा, बाहेरच्या बाजूला, आणि हल्ल्यासाठी सज्ज उभ्या असलेल्या मोगल सैनिकांनाच त्यानं गाडलं. एप्रिल 1700 मध्ये किल्ला पडला, त्याला शहजादा आझमच्या नावावरून आझमतारा म्हणायला लागले. ताराराणींच्या काळात तो परत आला. खाला म्हणाली, "म्हणजे त्या डोंगराखाली किती जणांच्या कबरी असतील, नाव नसलेल्या." मी इतकी वर्षं हा धडा शिकवतोय, पण गाडलेल्या माणसांकडे माझं लक्ष गेलं नव्हतं.

साताऱ्याचीच आणखी एक गोष्ट अम्मीला फार आवडली. शाहू महाराज सात वर्षांचे असताना, 1689 मध्ये, आई येसूबाईंबरोबर मोगलांच्या कैदेत गेले आणि 1707 पर्यंत छावणीत वाढले. औरंगजेबाची मुलगी झीनतुन्निसा हिनं तिथं मायलेकांची काळजी घेतली. तिच्या आठवणीसाठी शाहूंनी साताऱ्यात मशीद बांधली, ती बेगम मशीद, असं आमच्याकडे सांगतात. दिल्लीत तिनं स्वतः बांधलेली झीनत-उल-मसाजिद लोकांना ठाऊक आहे. साताऱ्यातली ही गोष्ट साताऱ्यातच कितीजणांना माहीत आहे, देव जाणे. अम्मीला राजकारणात रस नाही. तिनं एकच विचारलं, "त्या बेगमला स्वतःचं मूल होतं का?" तिनं लग्नच केलं नव्हतं म्हटल्यावर अम्मी थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मग त्या पोराला तिनं मनापासून वाढवलं असणार."

दुसरा दिवस, शुक्रवार : कराड आणि कडेगाव

जुम्म्याची नमाज कराडला गाठायची म्हणून लवकर निघालो. हायवेचं रुंदीकरण चाललंय, त्यामुळे पन्नास-बावन्न किलोमीटरला दोन तास. प्रत्येक वळणरस्त्यावर उसाचे दोन-दोन ट्रॉली जोडलेले ट्रॅक्टर पुढं. खाला तसबीहचे मणी ओढत होती की ट्रॅक्टर मोजत होती, कळलं नाही.

कराडचे मनोरे कराडकरांना इतके सवयीचे आहेत की पत्ता सांगायला वापरतात आणि वर बघत नाहीत. अली आदिलशहाच्या काळातली, म्हणजे सोळाव्या शतकातली ही मशीद. तिचे दोन मनोरे शंभर फुटांच्या पुढे आहेत. बाजाराच्या गजबजाटातून गल्लीच्या तोंडाशी आलं की ते अचानक डोक्यावर येतात. 1967 च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला तेव्हा या भागातली किती घरं बसली, पण मनोरे उभे राहिले.

इथं एक गोष्ट खटकली ती लिहूनच टाकतो. अम्मी आणि खाला दीडशे-दोनशे किलोमीटरची तयारी करून निघालेल्या. नमाजेची वेळ झाली तशी मी आत गेलो आणि त्या दोघी बाहेर एका कापडाच्या दुकानाच्या पायरीवर. दुकानदारानं खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. पण मशिदीची भिंत त्यांनी बाहेरूनच बघितली. बाहेर आल्यावर मला ओशाळल्यासारखं झालं. अम्मी मात्र वर बघत होती. "त्या वरच्या खोबणीत पोपट राहतात. मी सात मोजले." माझ्या नजरेला एकही पडला नव्हता.

प्रीतिसंगमावर अर्धा तास टेकलो. कृष्णा आणि कोयना इथं समोरासमोर येऊन मिळतात, हे नवख्या माणसाला दाखवल्याशिवाय कराड पुरं होत नाही. खाला कोरेगावची असून तिनं पहिल्यांदा पाहिलं.

संध्याकाळी विट्याच्या रस्त्यानं कडेगाव, सांगली जिल्ह्यात. तिथं मामेबहिणीच्या घरी मुक्काम. कडेगावात मोहरम सोडून गेलं तर बघण्यासारखं काही नाही, हे आधीच सांगतो. आम्ही चुकीच्या महिन्यात गेलो होतो. मोहरमला मात्र इथं बांबूचे चौदा ताबूत उठतात, त्यांतले सात हिंदूंचे आणि सात मुसलमानांचे मानतात. सातभाई, देशपांडे, शेटे, हकीम, अत्तार, पाटील अशी ताबुतांची नावं ऐकली की गावाची मतदारयादी वाचतोय असं वाटतं. गगनाला भिडणारे हे अष्टकोनी सांगाडे खांद्यावर घेऊन गावातून नाचवतात, चौकात त्यांच्या भेटी होतात आणि त्यासाठी विजेच्या तारा उतरवतात.

बहिणीच्या शेजारचे एक वयस्कर गृहस्थ रात्री गप्पांना आले. ते ताबूत बांधणाऱ्यांतले. मी विचारलं, एवढं उंच बांधता कसं, पाया किती खोल घेता? ते हसले. "आधी कळस, मग पाया." मला वाटलं अभंगाची ओळ उलटी करून चेष्टा करतायत. त्यांनी बहिणीच्या घरातल्या झाडूच्या काड्या मागवल्या. आठ काड्यांचा एक छोटा घेर सुतानं गुंडाळून त्यांनी फरशीवर ठेवला, तो हातानं उचलला, खाली त्याहून मोठा घेर सरकवला, पुन्हा उचलला, आणखी मोठा घेर. वरचं आधी तयार, मग ते उचलत उचलत खाली वाढवत जायचं. "वर चढायला माणूस लागतच नाही," ते म्हणाले. काड्यांचा वीतभर ताबूत रात्रभर टीव्हीवर उभा होता. सकाळी बहिणीच्या नातवानं तो मोडला.

तिसरा दिवस, शनिवार : इस्लामपूर, गोटखिंडी, सांगली

आज फार नाही. सकाळी पलूसच्या बाजूनं इस्लामपूर गाठलं. गावाचं नाव आता कागदावर ईश्वरपूर झालंय. एसटीत मागच्या बाकावरचे लोक अजून जुन्याच नावानं तिकीट मागतात. इथं संभूआप्पा आणि बुवाफन ही जोडी. एक हिंदू, एक मुसलमान, गुरु-शिष्य म्हणून सांगतात. त्यांच्या यात्रेला गाव यात्राही म्हणतं आणि उरूसही म्हणतं. आम्ही गेलो तेव्हा शांतता होती. एक बाई हळदी-कुंकवाचं ताट घेऊन आली, तिच्यामागे टोपी घातलेला एक पोरगा अगरबत्तीचा पुडा घेऊन. दोघांनी एकमेकांना वाट दिली. खाला इथं बराच वेळ बसली. तिच्या सासरी कोणीतरी बुवाफनचा नवस बोललं होतं, आणि तो फेडायचा राहून गेलाय हे तिला इथं आल्यावर आठवलं. नारळ घेतला, फोडला, हिशेब मिटला.

गोटखिंडी हे वाळवा तालुक्यातलंच गाव, सांगलीच्या वाटेवर थोडं आत. चाळीसहून अधिक वर्षं इथला गणपती मशिदीत बसतो. त्याची सुरुवात पावसानं झाली. मूर्ती भिजायला लागली तेव्हा मुसलमानांनीच म्हटलं, आत आणा. गणेशोत्सव संपून बरेच दिवस झाले होते, त्यामुळे आम्हाला दिसली ती कुठल्याही खेड्यात दिसते तशी मशीद. हौदाकाठी कपडे वाळत होते. अम्मी निराश झाली. "मग बघायचं काय?" मी म्हटलं, जागा. ती म्हणाली, जागा बघितली, चल.

आष्ट्याच्या अलीकडे उसाच्या ट्रॉलीतून पडलेल्या कांड्यावरून जाताना टायर बसला. पंक्चरवाल्यानं टायर काढल्यावर आतून निघाला तो खिळा, म्हणजे उसाला मी उगीचच शिव्या दिल्या. तासभर गेला. सांगलीत पोचेतो अंधार, आणि ज्या लॉजवर फोन करून खोली ठरवली होती तिथं खोली दुसऱ्याला दिलेली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, तुम्ही आलाच नाहीत म्हटल्यावर काय करणार. दोन म्हाताऱ्या बायका गाडीत, रात्रीचे साडेआठ. शेवटी मिरजेच्या रस्त्याला एक साधी खोली मिळाली. खालाला भडंग मिळाला तो त्याच रात्री, दोन किलो, आणि तिचा मूड माझ्यापेक्षा लवकर सुधारला.

चौथा दिवस, रविवार : मिरज

मिरजेला मी कैकदा आलोय, बहुतेक वेळा दवाखान्यासाठी. साताऱ्यापासून कर्नाटकापर्यंतचा माणूस मिरजेला येतो तो आजार घेऊन. 1894 मध्ये वानलेस डॉक्टरांनी इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून गावाची ओळख तीच. मीरासाहेबांच्या दर्ग्यात मात्र मी पहिल्यांदाच पाय ठेवला. अम्मीला ते सांगितलं नाही.

हजरत ख्वाजा शमना मीरासाहेबांचा हा दर्गा. सकाळच्या वेळी लोबानाचा धूर अंगणात खाली खाली तरंगत होता. फुलांची चादर घेतली, फातेहा दिला. उरूस चांद्र महिन्यांनुसार असल्यानं दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. त्या उरुसात पहिला मानाचा गलेफ, म्हणजे मजारीवरची चादर, चर्मकार समाजाचा असतो. हे एका फुलवाल्यानं इतक्या सहज सांगितलं की मला दोनदा विचारावं लागलं. "पहिला त्यांचाच. मग बाकीचे," तो देठ कापत म्हणाला.

आवारातल्या चिंचेखाली अम्मीला बसवलं. उरुसात इथंच संगीत सभा होते, आणि ती ज्यांच्या नावानं होते ते अब्दुल करीम खाँ इथंच विसावलेत. किराणा घराण्याचे खाँसाहेब जन्मले 1872 मध्ये, उत्तरेतल्या कैरान्यात, आणि घर केलं मिरजेत. प्लेगच्या दिवसांत ते आजारी पडले, मीरासाहेबांसमोर गायले आणि उठले, असं मिरजेत सांगतात. 1937 च्या ऑक्टोबरात मद्रासकडून पाँडिचेरीला निघाले असताना वाटेत अस्वस्थ वाटायला लागलं म्हणून सिंगपेरुमलकोईल नावाच्या छोट्या स्टेशनावर उतरले. फलाटावर अंथरूण टाकलं, नमाज पढली, गात गात डोळे मिटले. तिथून त्यांना मिरजेला आणलं.

अम्मीला घराणं-बिराणं कळत नाही. तिला हिराबाई बडोदेकर ठाऊक आहेत, रेडिओमुळे. त्या याच माणसाची मुलगी आणि मिरजेतच 1905 मध्ये जन्मल्या म्हटल्यावर ती उठून पुन्हा सलाम करून आली.

दर्ग्यापासून सतारमेकर गल्लीपर्यंत चालत गेलो. साताऱ्याची माणसं सतारींच्या गल्लीत, असा एक पांचट विनोद मी केला, तो दोघींनी ऐकू आला नाही असं दाखवलं. इथली घराणी मूळची शिकलगार. तलवारी-भाले करणारी. हत्यारांचे दिवस गेल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांनी तंबोरा केला, आणि गल्लीनं हात बदलला. 2024 मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

एका दुकानात आत बोलावलं. छताला वाळलेले भोपळे टांगलेले, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भीमाकाठून आलेले. एक कारागीर मांडी घालून तंबोऱ्याची जवारी काढत होता. तारांखालच्या घोडीवर कानस दोनदा अलगद फिरवायची, तार छेडायची, कान लाकडाला लावायचा, पुन्हा कानस. आवाज आधी कोरडा येत होता, ठक्कन थांबणारा. मग त्यानं तारेखाली सुताचा एक धागा सरकवला. केसाएवढा मागे, केसाएवढा पुढे. आणि एका जागी तो आवाज उघडला. एकाच तारेतून दहा तारा बोलल्यासारखा गुंजारव खोलीभर पसरला. खाला भडंगाची पिशवी धरून होती, तिनं कागद चुरचुरू नये म्हणून हात थांबवला. कारागिरानं वर बघितलं नाही. तार थांबली तशी त्यानं पुन्हा कानस उचलली. त्याच्या मते अजून जमलं नव्हतं.

निघताना दर्ग्याकडून परत आलो, गाडी तिथं होती. कमानीजवळ एक वृद्ध गृहस्थ उर्दू पेपर वाचत बसले होते. अम्मीनंच मला कोपरानं ढोसलं. "यांना दाखव की तो दगड." मी मोबाइल पुढं केला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो दोन बोटांनी मोठा केला, पुन्हा मोठा केला. फारसी आहे, म्हणाले. दाराची तारीफ आहे. ऐश्वर्य तुझ्या दारातून दिसतं, असं काहीसं. महिना जमादिलाखर, तारीख 3. बांधणाऱ्याचं नाव रेहान.

"आणि हे?" अम्मीनं नेमका तो शब्द दाखवला. तीन दिवस तिनं जागा लक्षात ठेवली होती. "रे, लाम, ये. पहिलं मला येत नाही."

"ते पे आहे, अम्माजी. कुराणात पे नाही, म्हणून तुम्हाला लागलं नाही. परेली. किल्ला परेली."

"परेली," अम्मी म्हणाली. मग खालाकडे वळली. "अगं, परळी! आपलं परळी! अब्बांच्या टपालाच्या शिक्क्यावर होतं ते."